ट्रेनिंगचा खर्च दिसतो, न दिलेल्या ट्रेनिंगचा दिसत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती मी अजूनही वाचतो, नोकरी शोधायची म्हणून नाही, सवय म्हणून. त्यात एक गोष्ट वर्षानुवर्षं जशीच्या तशी आहे, सगळ्यांना अनुभवी माणूस हवाय. तीन वर्षांचा अनुभव, पाच वर्षांचा अनुभव, पहिल्या दिवसापासून काम अंगावर घेणारा. ठीक आहे, पण हा अनुभव त्याला देणार कोण? प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने शिकवावं आणि आपण तयार माणूस उचलावा, आयत्या बिळावर नागोबा. आणि सगळेच नागोबा झाले की बिळं करायला कुणी उरत नाही, मग हेच लोक म्हणतात की हल्ली चांगली माणसं मिळतच नाहीत हो.

मी ट्रेनिंगवाला नाही, एचआरवाला तर नाहीच नाही. सगळी नोकरी अकाउंट्समध्ये गेली. म्हणून या विषयाकडे मी वहीच्या बाजूने बघतो आणि वहीच्या बाजूने जे दिसतं ते कुणी फारसं बोलत नाही म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

बजेटची मीटिंग ज्यांनी पाहिलीय त्यांना माहितीये. खर्चाच्या यादीत ट्रेनिंग नावाची एक ओळ असते. धंदा जरा मंदावला की पहिली काट तिच्यावर. जाहिरातीचे पैसे कापले तर मार्केटिंगवाले भांडायला उठतात, मेंटेनन्सचे कापले तर मशीन बंद पडतं आणि सगळ्यांच्या लक्षात येतं, ट्रेनिंगचे कापले तर पुढचे सहा महिने कुणाच्या काही लक्षातच येत नाही. नियमही असेच आहेत म्हणा. मशीन घेतलं तर ते ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसतं, दरवर्षी थोडा थोडा घसारा, म्हणजे वापरामुळे कमी होणारी किंमत. तेच मशीन चालवायला माणसाला शिकवलं तर आंतरराष्ट्रीय लेखा मानकांप्रमाणे तो सगळा त्याच वर्षीचा खर्च म्हणून लिहून टाकायचा, मालमत्ता वगैरे काही नाही, कारण माणूस कंपनीच्या ताब्यातली वस्तू नाही, उद्या राजीनामा देऊ शकतो. नियम म्हणून बरोबरच आहे ते. पण होतं काय की मशीन ही गुंतवणूक आणि माणूस हा खर्च अशी डोक्यात गाठच बसते, आणि ही गाठ मोठमोठ्या डिग्र्या असलेल्या लोकांच्या डोक्यातसुद्धा बसलेली मी पाहिलीये.

आता न शिकवण्याचा खर्च कुठे जातो ते सांगतो. एका कंपनीत होतो तेव्हाची गोष्ट, नाव सोडा. क्रेडिट नोट्स खूप वाढल्या होत्या, म्हणजे आधी बिल चुकीचं गेलं म्हणून ते दुरुस्त करणारा कागद. फाइल काढून एकेक बघायला लागलो तर बऱ्याचशा एकाच प्रकारच्या निघाल्या. बिलिंगला एक नवीन मुलगा आला होता. सॉफ्टवेअरमध्ये मालाच्या नावापुढे एक छोटा रकाना असतो, त्यात नग की बॉक्स ते निवडायचं, आणि न निवडता पुढे गेलं तर आपोआप नग येतं. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. दहा बॉक्स माल गेला की बिल दहा नगांचं. मग गिऱ्हाइकाचा स्टोअरवाला माल अडवणार, सेल्सवाला फोनवर फोन करणार, गाडी तिथे उभी राहिली त्याचं वेगळं भाडं लागणार, क्रेडिट नोट, नवीन बिल, आणि या सगळ्यात पेमेंट महिनाभर पुढे. हा सगळा खर्च कुठे गेला? थोडा वाहतुकीत, थोडा ओव्हरटाइममध्ये, थोडा टेलिफोन बिलात, थोडा बँकेच्या व्याजात. "एका मुलाला पंधरा मिनिटं न शिकवण्याचा खर्च" असं हेड कुठल्याच वहीत नसतं. त्या मुलाला मात्र सगळ्यांदेखत झापलं होतं, आणि झापणाऱ्या साहेबांना स्वतःला तो रकाना कुठे आहे ते ठाऊक नव्हतं.

हे जे विखुरलेले पैसे आहेत ना, परत आलेला माल, पुन्हा करावं लागलेलं काम, पहिल्या तीन महिन्यांत सोडून गेलेली पोरं, त्यांच्या जागी परत जाहिरात, परत इंटरव्ह्यू, हे सगळं एका कागदावर एकत्र मांडलं तर ट्रेनिंगच्या त्या ओळीवर काट मारायला हात उचलणार नाही. पण मांडतं कोण.

आता मालकांची बाजू. शिकवलं की सोडून जातात, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मोजायचं सोडून दिलं. त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. गॅरी बेकर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली हेच व्यवस्थित मांडून दाखवलं, पुढे १९९२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं की शिक्षण दोन प्रकारचं असतं. एक जे फक्त याच कंपनीत उपयोगी, इथलं मशीन, इथली पद्धत, आणि दुसरं जे कुठेही उपयोगी, म्हणजे अकाउंटिंग, वेल्डिंग, लोकांशी बोलणं. पहिल्यासाठी मालक पैसे घालेल, दुसऱ्यासाठी का घालेल, कारण त्याचा फायदा घेऊन माणूस शेजारच्या कंपनीत जाणार. कागदावर एकदम चोख. पण प्रत्यक्षात बघायला गेलं तर जर्मनीत कंपन्या वर्षानुवर्षं पोरांना अप्रेंटिस म्हणून घेतात आणि कुठेही चालेल असं कौशल्य शिकवतात, खर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलतात. का? यावर डॅरन असेमोग्लू आणि यॉर्न-स्टेफन पिश्के या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात बरंच काम केलं. त्यातला साध्या भाषेतला मुद्दा असा की माणूस वाटतं तितक्या सहज उठून जात नाही. दुसरी नोकरी शोधणं सोपं नसतं, नव्या मालकाला याची खरी कुवत माहीत नसते, जुन्याला असते. त्यामुळे शिकवल्यावर माणसाचं काम जितकं वाढतं तितका त्याचा पगार वाढत नाही, आणि तो मधला फरक कंपनीच्या खिशात राहतो. म्हणजे शिकवणं हा दानधर्म नाहीये, चांगला सौदा आहे. या मधल्या फरकाबद्दल मला शेवटी अजून बोलायचंय.

काही देशांनी तर हा सगळा विषय मालकाच्या मर्जीवर ठेवलाच नाही. फ्रान्समध्ये १९७१ च्या कायद्याने कंपन्यांना पगाराच्या एकूण रकमेच्या ०.८ टक्के ट्रेनिंगवर खर्च करायला लावले. सिंगापूरने १९७९ मध्ये कौशल्यासाठी वेगळी लेव्ही, म्हणजे कंपन्यांकडून सक्तीने घ्यायची रक्कम, लावली, ब्रिटनने २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना अप्रेंटिसशिप लेव्ही लावली. कल्पना एकच, शिकवा नाहीतर पैसे भरा, फुकट तयार माणूस उचलायचा धंदा बंद. अशा कायद्यांनी कागदोपत्री ट्रेनिंगही खूप होतं हे खरंय, नुसते सर्टिफिकेट छापायचे कारखाने. पण निदान ज्याने शिकवलं त्यालाच भुर्दंड हे तरी थांबतं.

बरं, शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? बहुतेक ठिकाणी ट्रेनिंग म्हणजे, जा त्याच्या बाजूला उभा राहा आणि बघ. तो जुना माणूस वीस वर्षं तेच काम करतोय, त्याचे हात आपोआप चालतात, त्याला स्वतःलाच माहीत नसतं की तो अमुक जागी अंगठा का दाबतो. नवीन पोरगा मान हलवतो कारण नाही समजलं म्हणायची लाज वाटते. अर्ध्या दिवसाने सुपरवायझर विचारतो, आलं का रे? तो म्हणतो आलं. झालं ट्रेनिंग.

यावर फार सुंदर काम झालंय आणि ते ८० वर्षांपूर्वीचं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांतले कसबी लोक सैन्यात गेले आणि त्यांच्या जागी लाखो नवीन लोक, त्यात बायका खूप, ज्यांनी कारखाना आतून कधी पाहिला नव्हता. काम मात्र युद्धाचं, थांबता येत नाही. तेव्हा १९४० मध्ये सरकारने ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा कार्यक्रम सुरू केला, टीडब्ल्यूआय म्हणतात त्याला. त्यांनी कामगारांना एकेक करून शिकवायच्या भानगडीत न पडता सुपरवायझरला शिकवलं, की बाबा शिकवायचं कसं. दोन-दोन तासांचे पाच वर्ग, एका वर्गात दहाएक माणसं, बस. हॉल नाही, जेवण नाही, भाषण नाही.

त्यातला पहिला वर्ग मला फार आवडतो. शिकवणारा वर्गातल्या एकाला पुढे बोलावतो आणि त्याला विजेच्या दुहेरी वायरीची एक गाठ मारायला सांगतो. आधी नुसतं तोंडाने सांगतो, वायरीची दोन टोकं मोकळी कर, उजव्या टोकाचा असा फास कर, तो अमक्या बाजूने मागून ने, वगैरे. समोरच्याला काही जमत नाही. मग दुसऱ्याला बोलावतो आणि न बोलता नुसती गाठ मारून दाखवतो. त्यालाही जमत नाही, कारण समोरून बघताना डावं-उजवं उलटं दिसतं आणि हात पटकन फिरतात. सगळे सुपरवायझर बसून बघतायत, आणि प्रत्येकाला कळतं की अरे, आपण रोज हेच तर करतो, एकतर नुसतं सांगतो नाहीतर नुसतं दाखवतो, आणि वर म्हणतो पोरं ढ आहेत. त्यानंतर तो तिसऱ्याला नीट पद्धतीने शिकवतो. आधी माणसाला जरा मोकळं करायचं आणि त्याला काय येतं ते विचारायचं, मग एकेक पायरी दाखवत सांगायची आणि प्रत्येक पायरीत कळीचा मुद्दा कोणता आणि का तेही सांगायचं, मग त्याच्याकडून करून घ्यायचं आणि करता करता त्यालाच बोलायला लावायचं, आणि शेवटी त्याला एकट्याला कामावर सोडून मध्ये मध्ये जाऊन बघायचं. चार टप्पे. आणि त्यांचं एक वाक्य होतं जे कार्डावर छापून खिशात द्यायचे, कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. आमच्या त्या बिलिंगवाल्या मुलाच्या साहेबांच्या टेबलावर हे कार्ड ठेवायला पाहिजे होतं.

युद्ध संपेपर्यंत १६ लाखांवर लोकांनी हे वर्ग केले, साधारण १६,५०० कारखान्यांत. त्यांनी निकालही मोजले. पाहणी केलेल्या कारखान्यांपैकी ८६ टक्के कारखान्यांनी उत्पादन किमान पाव पटीने वाढल्याचं सांगितलं, आणि निम्म्याहून जास्त ठिकाणी वाया जाणारा माल किमान पाव हिश्श्याने घटला. हे आकडे कार्यक्रम चालवणाऱ्यांनीच गोळा केलेले आहेत आणि युद्धाची घाई होती, तेव्हा मी हिशेबनीस म्हणून ते थोडे हात राखून घेईन. पण अर्धे धरले तरी दहा तासांच्या वर्गाला हे भारीच. गंमत म्हणजे युद्ध संपल्यावर अमेरिकेत हा कार्यक्रम गुंडाळला आणि जपानमध्ये तो गेला, तिथे कारखान्यांनी उचलून धरला, टोयोटाने तर त्यातली शिकवण्याची पद्धत अंगात मुरवून घेतली.

आणि मग ती अमेरिकेत परत आली, तीही कशी बघा. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक कारखाना होता, इतका बदनाम की विचारू नका, रोज पाचातला एक कामगार गैरहजर, भांडणं, तक्रारींचे ढीग. १९८२ मध्ये बंद केला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तोच कारखाना पुन्हा उघडला, आणि कामावर घेतली ती बहुतांश तीच जुनी माणसं, तीच युनियन. शेकडो लोकांना आधी जपानला पाठवलं, तिथल्या लाइनवर तिथल्या लोकांच्या जोडीने काम करत शिकवलं. त्यांना एक अधिकारही दिला, काही गडबड दिसली तर दोरी ओढायची, मदतीला माणूस येईल, आणि जागच्या जागी सुटलं नाही तर लाइन थांबेल. आधीच्या कारखान्यात लाइन थांबवणं म्हणजे नोकरी जायची वेळ. थोड्याच काळात गैरहजेरी दोन टक्क्यांच्या आसपास आली आणि तिथून निघणाऱ्या गाड्या जनरल मोटर्सच्या सगळ्यात चांगल्या गाड्यांत गणल्या जायला लागल्या. माणसं तीच हो! जे लोक म्हणतात की आमच्याकडची माणसंच तशी आहेत, त्यांनी हे एकदा शांतपणे वाचावं. आणि याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की जनरल मोटर्सला हे स्वतःच्या बाकीच्या कारखान्यांत न्यायला पुढे बरीच वर्षं लागली, कारण तिथल्या साहेब लोकांना बदलायचं नव्हतं.

इथे मी मुद्द्याच्या मुद्द्यावर येतो, साहेब लोक. कंपन्या कामगाराला थोडंफार तरी शिकवतात, साहेबाला काहीच शिकवत नाहीत. होतं असं की सगळ्यात चांगला मेकॅनिक, सगळ्यात जास्त माल विकणारा सेल्समन, सगळ्यात जोरात बॅलन्स शीट जुळवणारा अकाउंटंट, त्याला एक दिवस केबिन देतात, खाली पंधरा माणसं देतात, आणि सोमवारपासून तू मॅनेजर. स्कूटर चालवायला लायसन्स लागतं, पंधरा माणसं चालवायला काही लागत नाही. त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं की काम वाटून कसं द्यायचं, रजा नाकारायची कशी, दोघं भांडले तर काय, चुकलेल्याला चारचौघांत बोलायचं की बाजूला घेऊन. तो मग जे येतं तेच करतो, स्वतःच सगळं काम ओढतो, रात्री नऊपर्यंत बसतो आणि बाकीचे पंधरा जण मोबाइल बघतात. कंपनीचं दुहेरी नुकसान, चांगला सेल्समन गेला आणि वाईट मॅनेजर मिळाला. हे नुसतं माझं निरीक्षण नाही, २०१९ मध्ये अमेरिकेतल्या शंभराहून जास्त कंपन्यांच्या सेल्स विभागांचा एक अभ्यास आला, त्यात हेच दिसलं की जास्त विक्री करणाऱ्याला बढती मिळायची शक्यता जास्त, आणि असे लोक मॅनेजर झाले की त्यांच्या हाताखालच्यांची विक्री उलट घसरते.

साहेबाला ऐकायला शिकवता येतं का? येतं, आणि ज्या धंद्यात हे शिकवलं नाही तर माणसं मरतात त्यांनी ते शिकवलंय. विमान कंपन्या. २८ डिसेंबर १९७८ ला युनायटेड या अमेरिकन विमान कंपनीचं १७३ नंबरचं विमान अमेरिकेतल्या पोर्टलंडला उतरत होतं, चाकांचा काहीतरी प्रॉब्लेम दिसला म्हणून कॅप्टन तासभर आकाशात घिरट्या घालत ते सोडवत बसला. इंधन संपत आलंय हे बाकीच्यांना कळत होतं, ते बोललेही, पण दबक्या आवाजात, साहेबाला स्पष्ट कोण सांगणार. इंधन संपलं, विमान वस्तीत पडलं, १० जण गेले. मशीन चांगलं, कॅप्टन अनुभवी, जाहिरातीत मागतात तसा. त्यानंतर १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडने आपल्या वैमानिकांसाठी ट्रेनिंग सुरू केलं, कॅप्टनने विचारायचं कसं आणि ज्युनियरने ठामपणे सांगायचं कसं. पुष्कळ जुन्या कॅप्टनांनी नाकं मुरडली. पण १९८९ च्या जुलैमध्ये युनायटेडच्याच २३२ नंबरच्या विमानाचं शेपटीतलं इंजिन फुटलं आणि सगळी हायड्रॉलिक्स गेली, म्हणजे विमान वळवायचं साधनच गेलं. कॅप्टन अल हेन्स यांनी कॉकपिटमधल्या सगळ्यांना सोबत घेतलं, प्रवासी म्हणून बसलेल्या एका ट्रेनिंग कॅप्टनलाही आत बोलावून थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर कमी-जास्त करायचे दांडे, त्याच्या हातात दिले, आणि उरलेल्या दोन इंजिनांच्या जोरावर विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ वाचले. हेन्स नंतर सांगत राहिले की ते ट्रेनिंग नसतं तर हे जमलं नसतं. आता ऑफिसमध्ये विमान पडत नाही, पण साहेब चुकतोय हे तीन जणांना माहितीये आणि तिघंही गप्प आहेत अशी मीटिंग मी तर दर महिन्याला पाहिलीये, त्याची किंमतही वहीत येतेच कुठेतरी.

हे वाचून कुणी लगेच एखाद्या मोटिव्हेशनल स्पीकरला फोन लावू नका. ट्रेनिंगच्या नावाखाली जे चालतं त्यातलं बरंचसं फालतू असतं हेही सांगितलं पाहिजे. हॉटेलचा हॉल, एसी फुल, एक माणूस माइक लावून सांगतो की वाघासारखे जगा, दोन टाळ्यांचे खेळ, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट, आणि निघताना एक फॉर्म, ट्रेनिंग कसं वाटलं, उत्तम की अतिउत्तम. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकांनी १९५९ मध्येच सांगून ठेवलंय की ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या आहेत, आवडलं का, शिकले का, कामावर जाऊन वागणं बदललं का, आणि कंपनीचा निकाल बदलला का. आपण पहिल्या पायरीवर फॉर्म भरून घेतो आणि बिल पास करतो. मीच केलीयेत पास अशी बिलं, सही वरून आलेली असायची. शिवाय पुढचे पाठ मागचे सपाट हे काही उगाच म्हणत नाहीत, हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की नुसतं पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच सगळ्यात जास्त विसरलं जातं. दोन दिवसांचं शिबिर वर्षातून एकदा घेण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं जागेवर, हातातल्या कामावर, आणि आठवड्याने परत विचारणं, हे कितीतरी स्वस्त आणि टिकणारं.

जागेवर शिकवण्याचा एक मोठा प्रयोग झालाय, २००८ पासून, मुंबईजवळच्या कापड विणणाऱ्या कंपन्यांत, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी केलेला. काही कारखान्यांना महिनाभर नुसती पाहणी करून दिली, काहींना पाहणी आणि वर चार महिने माणसं देऊन मॅनेजर लोकांना रोज हाताला धरून शिकवलं. काय शिकवलं तर काही रॉकेट सायन्स नाही, कापडातले दोष रोज लिहून ठेवा, रोज सकाळी त्यावर पाच-दहा मिनिटं बोला, सुताचा साठा नीट लावा आणि नोंद ठेवा, मशीन बिघडायच्या आधी साफ करा. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. एवढं सोपं होतं तर आधी का नाही केलं? मालकांना वाटायचं आपलं चांगलंच चाललंय, आजूबाजूचेही असंच करतात, आणि काही गोष्टी तर माहीतच नव्हत्या. २०१७ मध्ये हेच संशोधक परत गेले तेव्हा शिकवलेल्यातल्या जवळपास निम्म्या गोष्टी बंद पडल्या होत्या, तरीही हे कारखाने न शिकवलेल्यांपेक्षा बरेच पुढे होते. बंद का पडल्या याची सगळ्यात जास्त सांगितलेली कारणं दोन, शिकलेला मॅनेजर सोडून गेला आणि मालकाला वेळ नाही. दुसरं कारण वाचून मला हसू आलं. पैसे द्यायला मालक तयार होतो, वेळ द्यायला नाही. साहेब स्वतः वर्गात दहा मिनिटं जरी बसले तरी लोकांना कळतं की हे खरंच आहे, आणि ते फक्त रिबीन कापून निघून गेले तर तेही कळतं.

आता तो मधला फरक, जो कंपनीच्या खिशात राहतो म्हणालो होतो. कपडे शिवणाऱ्या एका मोठ्या भारतीय कंपनीत बायकांना बोलणं, वेळेचं नियोजन, अडचण आली तर मांडणं अशा गोष्टींचं ट्रेनिंग दिलं आणि संशोधकांनी ते काटेकोर मोजलं. ट्रेनिंग संपून आठ महिने झाले तेव्हा कंपनीला खर्च वजा जाऊन अडीचशे टक्क्यांहून जास्त परतावा मिळालेला होता. कुठल्या मशीनवर मिळतो हो एवढा? आणि शिकवलं म्हणून त्या जास्त प्रमाणात सोडूनही गेल्या नाहीत. पण त्यांचे पगार वाढले किती, तर साधारण अर्धा टक्का. अर्धा! मालकांच्या बाजूने याचा अर्थ सरळ आहे की शिकवा, नुकसान नाही. पण शिकलेल्या माणसालाही हिशेब येतो. आपल्या हातून जास्त माल निघतोय हे तिला कुणी सांगावं लागत नाही. आज दुसरी नोकरी शोधणं अवघड म्हणून ती थांबलीये, उद्या तिला शेजारी जास्त मिळाले की जाईल, आणि मग हेच मालक म्हणणार बघा, शिकवलं की सोडून जातात. त्यावर उपाय म्हणून हल्ली बॉण्ड लिहून घेतात, दोन वर्षांच्या आत सोडलंस तर ट्रेनिंगचे एवढे पैसे परत कर, आणि ती रक्कम खऱ्या खर्चाच्या कितीतरी पट लावलेली असते, मी आकडे पाहिलेत म्हणून सांगतो. त्यापेक्षा ज्या दिवशी ट्रेनिंग पास झालं त्या दिवसापासून थोडी का होईना पगारवाढ आणि कामाचं नवीन नाव, हे ट्रेनिंगच्या बजेटमध्येच धरा, वेगळं मागायला लावू नका. अडीचशे टक्क्यांतून एवढं सहज निघतं, हवं तर मी कागदावर मांडून देतो.

आपला,
अकाउंट्समधून रिटायर झालेला एक वाचक